सल्लागाराचा मुक्काम

मराठी वाचकास ‘रेसिडेंट’ हा शब्द अपरिचित नाही, आणि त्याच्या आठवणीही फारशा गोड नाहीत. १७८६ साली चार्ल्स मॅलेट पुण्यास आला व मुळा-मुठेच्या संगमावर त्याची कोठी उभी राहिली. तो पेशव्यांचा चाकर नव्हता व मालकही नव्हता. सल्ला द्यावा, चार गोष्टी कानांवर घालाव्यात आणि आपल्या वरिष्ठांस सविस्तर लिहून कळवावे, एवढाच काय तो त्याचा अधिकार. परंतु तीस-बत्तीस वर्षांत त्याच संगमावरून निघणारा सल्ला हुकूम होऊन बसला आणि १८१८ साली पेशवाई बुडाली. तिच्याबरोबरच खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. एल्फिन्स्टनच्या हाताखालचा कॅप्टन जॉन ब्रिग्ज तेथे पोलिटिकल एजंट म्हणून आला व त्याने धुळे हे आपले ठाणे केले. आजच्या धुळे शहराची आखीव पेठ ही त्या ठाण्याचीच निशाणी होय. तेव्हा परका मनुष्य सल्लागार म्हणून मुक्कामास आला की पुढे काय होते, याविषयी आमच्या लोकांस शंका वाटत आली असेल तर तिला इतिहासाचा आधार आहे.

आज आम्हांस बोलावयाचे आहे ते निराळ्या सल्लागारांविषयी. विसाव्या शतकात रोगांशी लढण्याकरिता राष्ट्राराष्ट्रांनी मिळून जी मोठी कार्ये हाती घेतली, त्यांत एक विशेष प्रकारचा मनुष्य निर्माण झाला. दूरच्या संस्थेने त्यास पाठवावयाचे. त्याने एखाद्या प्रांतात वा जिल्ह्यात बिऱ्हाड करावयाचे. तेथील सरकारी अधिकाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांस आपल्या विद्येचा उपयोग करून द्यावयाचा. पण हुकूम मात्र कोणासही सोडावयाचा नाही. अशा मनुष्याची खरी किंमत काय, आणि त्याचा मुक्काम हलल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न जळगाव-धुळ्याकडील वाचकास वाटतो तितका दूरचा नाही.

ह्या जातीचा पहिला मोठा मनुष्य आमच्या प्रांताने पाहिला तो वाल्डेमार हाफकिन. हा ओडेसाचा ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला. तेथे सूक्ष्म जंतूंवरील प्रयोगांची संधी मिळण्यापूर्वी त्यास ग्रंथपालाचे काम करावे लागले होते. पटकीच्या लशीचा प्रयोग कोठे करावा या विवंचनेत तो असता, हिंदुस्थानचे माजी व्हॉइसरॉय लॉर्ड डफरिन, जे तेव्हा पॅरिसमध्ये वकील होते, त्यांनी त्यास हिंदुस्थानचा रस्ता दाखविला. १८९३ साली तो कलकत्त्यास उतरला, तो सरकारी नोकर म्हणून नव्हे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीस डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढच्याच महिन्यात हाफकिन मुंबईस येऊन दाखल झाला.

त्यास मिळाले काय? ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व ओसरी, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सरंजामावर त्याने तीन महिन्यांत लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगी टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील जे कैदी आपण होऊन पुढे आले त्यांस ती दिली. ह्या क्रमाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, घरांची झडती सुरू झाली, आणि जूनमध्ये पुण्यास रँडचा खून झाला. एकीकडे हुकमाची छावणी व दुसरीकडे ओसरीवरचा हा परका रसायनकार, अशी दोन चित्रे एकाच काळाची आहेत. पहिल्याच्या हातात सोजीर होते, दुसऱ्याच्या हातात पिचकारी. लोक पिचकारीसही भ्याले, नाही असे नाही. तथापि तिच्यापुढे हात करावयाचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, असेच हाफकिनचे धोरण राहिले.

त्या काळी मुंबईस इतर विद्वानही पुष्कळ आले. जर्मनीने मंडळ पाठविले व खुद्द रॉबर्ट कोख येऊन गेले. ऑस्ट्रियाने पाठविले, रशियाने पाठविले. त्यांची विद्वत्ता मोठी, आणि त्यांनी आपल्या निरीक्षणांचे वृत्तांतही प्रसिद्ध केले. पण ती मंडळी परत गेली. हाफकिन राहिला. त्याची प्रयोगशाळा ग्रँट कॉलेजातून निघून बिऱ्हाडे बदलीत फिरली. एकदा आगाखानांनी आपल्या खुश्रू लॉजमध्ये तिला जागा दिली. आणि १८९९ च्या ऑगस्टात परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात ती स्थिर झाली. पाहुणा आणि मुक्कामी यांतला भेद येथे स्पष्ट दिसतो. पाहुण्यास रोग दिसतो; मुक्कामी असतो त्यास रोगाबरोबर कारकुनाची दिरंगाई, पावसाळ्यात बिघडणाऱ्या बाटल्या, लोकांच्या शंका आणि वरिष्ठांचा मत्सर हेही दिसतात, व त्या सर्वांतून वाट काढावी लागते.

प्लेग रेल्वेच्या रुळांवरून पसरला ही गोष्ट प्रसिद्ध आहे. खानदेश तर भुसावळ-जळगावच्या मुख्य रस्त्यावरच वसलेला. तेथील बोलीत ह्या रोगास ‘पिलोक’ म्हणतात. बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांतही पिलोक आला आहे: गाठी उठल्या, गाव ओस पडला, माणसे शेतांतल्या झोपड्यांतून राहू लागली. तिच्या स्वतःच्या घरात त्याची खूण कायमची राहिली, कारण तिचा मुलगा ओंकार याला प्लेगाने जन्माचे पंगुत्व दिले. ही बाई निरक्षर. तिची गाणी सोपानदेवांनी उतरून ठेविली म्हणून १९५२ साली जगास कळली. सरकारी अहवालांत खानदेशातील प्लेगाचे आकडे सापडतात. घरातला एक मुलगा चालता राहिला नाही ही गोष्ट मात्र तिच्यामुळे उरली आहे.

हाफकिनच्या कपाळी मात्र अपयशाचा डाग लागावयाचा होता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ माणसांस लस टोचण्यात आली. त्यांतील १९ जण थोड्याच दिवसांत धनुर्वाताने मेले, आणि ते एकोणीसही एकाच बाटलीतून टोचलेले होते. चौकशी बसली. बाटली परळहून निघतानाच दूषित होती असा निष्कर्ष निघाला. लस निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत हाफकिनने बदल करून कार्बोलिक अ‍ॅसिड वगळले होते, हे त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आले. त्यास दूर करण्यात आले. वस्तुतः बाटली गावी उघडते वेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बाटलीचे बूच काढले होते. ही गोष्ट कागदोपत्री असूनही तिचे वजन मानावयास पाच वर्षे लागली. १९०७ साली रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून आवाज उठविला, तेव्हा कोठे हाफकिन निर्दोष ठरला. तो कलकत्त्यास परत आला. परळची गादी त्यास मिळाली नाही. १९२५ साली परळच्या संस्थेस त्याचे नाव देण्यात आले आणि १९३० साली लोझान येथे तो वारला.

आम्ही ही हकीकत विस्ताराने सांगितली याचे कारण असे की तींत सल्लागाराच्या स्थितीचे मूळ दुखणे उघडे पडते. बाटली परळची, चिमटा पंजाबचा. ज्या हातांवर त्याची सत्ता नव्हती त्या हातांच्या चुकीचा जाब त्यास द्यावा लागला. आणि ज्यांची सत्ता होती ते साक्षीदार म्हणून बसले. तो इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या मंडळींतला असता तर प्रकरण असेच वाढले असते काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला व आजही तो आम्हांस अयोग्य वाटत नाही.

येथे थोडे आडवाटेस जाण्याची परवानगी वाचक देतील अशी आशा आहे. सल्ला कोणाचा ऐकतात? १९२१-२२ साली पालघरकडील कोळ्यांत देवीचा कोप शांत करण्याची एक चाल सुरू झाली. ती घाट चढून नाशिक जिल्ह्यात, पश्चिम खानदेशात, डांगात व सुरतेकडील आदिवासींत पसरली. मांडव घालावा, देवी कोणाच्या तरी अंगात यावी आणि तिने सांगावे: दारू सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, घर-अंगण स्वच्छ ठेवा. हजारो लोकांनी ते ऐकले, व पारशी कलालांचे धंदे बसले. पुढे १९३७-३८ च्या सुमारास तळोदे तालुक्यात मोरवडच्या गुला महाराजांनी हाच उपदेश केला आणि भिल्लांनी तो उचलला. एकमेकांस ‘आप’ म्हणून हाक मारण्याची त्यांनी घालून दिलेली रीत अजून स्मरणात आहे. सॅनिटरी कमिशनरांच्या पत्रकांनी जे कित्येक वर्षांत झाले नाही ते मांडवातल्या एका बोलाने कसे झाले, याचा विचार दूरच्या राजधान्यांतून सल्लागार पाठविणाऱ्यांनी फारच थोडा केला आहे. असो.

हाफकिननंतर सत्तर वर्षांनी सल्लागारांची मोठी फौज ह्या देशात उतरली ती देवीच्या उच्चाटनाकरिता. जागतिक आरोग्य संघटनेने १९६७ साली ह्या कार्यास जोर दिला होता. १९७३ च्या शरद ऋतूपर्यंत महाराष्ट्र स्थानिक देवीपासून जवळजवळ मुक्त होता. रोगाचे ठाण उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि मध्य प्रदेश यांत होते. म्हणजे खानदेशच्या उत्तरेस सातपुडा, आणि त्याच्या पलीकडे देवी. बऱ्हाणपूर, खरगोण, सेंधवा हे आमचे रोजचे दळणवळणाचे गाव. मजूर, लग्नाची वऱ्हाडे, गुरांचे बाजार अखंड चालू. तेव्हा ज्या जिल्ह्यात रोगी नाही तेथेच पाळत अधिक सावधपणे ठेवावी लागली.

आमचे आजोळ यावलकडील. लहानपणी तेथील चावडीच्या भिंतीवर गेरूने लिहिलेली एक सूचना आम्हांस आठवते. देवीचा रोगी दाखवील त्यास बक्षीस. ही रक्कम वाढत वाढत १९७५ साली हजार रुपयांवर गेली होती, आणि तेवढ्या पैशात तेव्हा घरात बैलजोडी येत असे, अशी मोठ्या माणसांची बोलणी होत. एक कार्यकर्ता फोडांनी भरलेल्या मुलाचे चित्र घरोघर दाखवीत फिरे. आमच्या आजीने ते चित्र पाहून हात जोडले आणि पदर पुढे ओढला. तिच्या भाषेत देवीचा ‘रोगी’ नसेच. देवी ‘येत’ व देवी ‘जात’. घरी आलेल्या देवीची वर्दी सरकारात द्यावयाची आणि तिच्याबद्दल हजार रुपये घ्यावयाचे, हे तिला कसे मानवावे? त्या कार्यकर्त्याने वाद घातला नाही. गावात हल्ली कोणाच्या घरी देवी आल्या होत्या काय, नारळ कोणी फोडला काय, एवढेच त्याने विचारले. हा प्रश्न जिनिव्हाच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता, पण माहिती त्यानेच मिळत असे.

उत्तरेत मात्र युद्धच चालले होते. १९७४ साली देशात देवीचे १,८८,००३ रोगी नोंदले गेले, आणि त्यांतला फार मोठा भाग बिहारमधला. रोगी सापडेल तेथे त्याच्या भोवतीच्या सर्वांस टोचून कडे करावे, सबंध लोकसंख्येच्या मागे लागू नये, असा सल्लागारांचा आग्रह. आणि आकडे वाढताना पाहून मंत्री घाबरून पुन्हा सरसकट टोचणीकडे वळण्याच्या बेतात. अमेरिकन सल्लागार विल्यम फोगी यांनी त्या बैठकीची हकीकत लिहून ठेविली आहे. परदेशी पाहुण्यांची सर्व गणिते संपल्यावर एक तरुण भारतीय डॉक्टर उठला व म्हणाला की आमच्या गावात एका घराला आग लागली तर आम्ही पाणी त्याच घरावर ओततो, सगळ्या घरांवर शिंपडीत बसत नाही. मंत्र्यांनी एका महिन्याची मुदत दिली, आणि त्या महिन्यात साथ वळली. फोगींनी पुढे आपल्या पुस्तकास ह्याच जळत्या घराचे नाव दिले.

ह्या लढ्यातील परदेशी साथरोगतज्ज्ञांजवळ दोन वस्तू अशा होत्या की ज्या हाफकिनजवळ नव्हत्या. एक जीपगाडी, आणि दुसरी खर्चाची रोकड. जिल्ह्याच्या डॉक्टरास पेट्रोलची मंजुरी येईपर्यंत पंधरा दिवस लागत. सल्लागार संध्याकाळी पैसे मोजून रोग्याच्या दारावर चार पहारेकरी बसवी. काम झाले ते ह्या रोकडीमुळे पुष्कळ अंशी झाले, हे मान्य केलेच पाहिजे. पण रोकड आली की तिच्या पाठोपाठ हुकूमही येतो. सिंहभूमकडे रात्री घरांची दारे फोडून माणसांस धरून टोचण्याचे प्रकार झाले. त्यांत भाग घेतलेल्या एका अमेरिकन डॉक्टरानेच पुढे ते लिहून ठेविले. त्या आदिवासी घरधन्याने शेवटपर्यंत झुंज दिली, कारण रोग देणे-नेणे हे देवाचे काम अशी त्याची निष्ठा होती. आणि सर्व आटोपल्यावर त्याने परसातली काकडी तोडून त्याच मंडळींपुढे पाहुण्यांपुढे ठेवावी तशी ठेविली. संगमावरची कोठी पुन्हा उभी राहिली ती येथे. देवी गेली ही गोष्ट खरी: मे १९७५ नंतर भारतात तिचा रुग्ण आढळला नाही, आणि १९७७ साली तसे प्रमाणपत्र मिळाले. लाखो जीव वाचले. म्हणून ती काकडी विसरावी असे मात्र आम्हांस वाटत नाही.

नारूचे उच्चाटन ह्या मानाने शांतपणे झाले. १९८० नंतरच्या दशकात महाराष्ट्रासह सात राज्यांत तो होता. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, हातपंप बसविणे, पाणी गाळून पिणे अशा साध्या उपायांनी तो गेला, व १९९६ नंतर देशात तो दिसला नाही. तेथे परक्या सल्लागारापेक्षा गवंड्याचेच काम अधिक होते.

आता जी व्यवस्था आमच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून पसरली तिच्याकडे वळू. पोलिओसाठी १९९७ साली भारत सरकार व जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून टेहळणीचा एक प्रकल्प उभारला व त्यात सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर ह्या नावाचे डॉक्टर ठिकठिकाणी नेमले. गंमत अशी की हा सल्लागार बहुधा परदेशी नव्हे. तो आपल्यासारखाच, कोणत्या तरी भारतीय वैद्यकीय महाविद्यालयातून निघालेला. परका आहे तो फक्त त्याच्या पगाराचा कागद. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील बैठकीत जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, महापालिकेचे आरोग्य अधिकारी यांच्यासह त्याची खुर्ची असते. त्यास कोणाची बदली करता येत नाही, कोणाचा पगार अडविता येत नाही, एक कागदही मंजूर करता येत नाही. मग तो करतो काय? तो मोजतो.

ह्या मोजण्याची रीत मोठी चतुर आहे. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात वा पाय एकाएकी लुळा पडला की, कारण पोलिओ असो वा नसो, त्याची वर्दी आली पाहिजे. दवाखान्यांनी दर आठवड्यास कळवावयाचे. रोगी नसला तर शून्य म्हणून कळवावयाचे. वर्दी देणाऱ्यांत मोठ्या शहरांतले बालरोगतज्ज्ञ जसे, तसेच खेड्यांतले वैद्य, हाकीम, हाडवैद्य व भगतही. चौदा दिवसांच्या आत, निदान चोवीस तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घेऊन बर्फात घालून प्रयोगशाळेस पाठवावयाचे, आणि साठ दिवसांनी मुलास पुन्हा पाहावयाचे. आता मौज येथे आहे. पोलिओ मुळीच नसलेल्या मुलखातही इतर कारणांनी दरवर्षी दर लाख मुलांमागे काही मुले अशी लुळी पडतातच. भारतात हा आकडा निदान दोन असावा असे धरले. जळगाव जिल्ह्याची वस्ती २०११ च्या गणतीत ४२ लाखांच्या वर होती. त्यांत मुले ढोबळ मानाने बारा लाख धरली तर वर्षाकाठी चोवीस-पंचवीस वर्द्या आल्याच पाहिजेत. पाचच आल्या तर जिल्हा निरोगी ठरत नाही, झोपलेला ठरतो. शून्यास बढाई न मानता संशय मानणारी ही पद्धत. आमच्या सरकारी अहवालांच्या परंपरेत ती अगदीच नवी होती.

पोलिओच्या रविवारीही तेच. डोस पाजून झाले की घरावर खडूने खूण होते: सर्व मुलांस मिळाले तर ‘पी’, कोणी राहिले तर ‘एक्स’. मुलाच्या डाव्या करंगळीस शाई. नंतर हा गृहस्थ मनास येईल त्या बोळात शिरतो, खेळणाऱ्या मुलांच्या करंगळ्या पाहतो, आणि संध्याकाळच्या बैठकीत वाचून दाखवितो की अमक्या मोहल्ल्यात ‘पी’ लिहिलेल्या घरात तीन करंगळ्या कोऱ्या निघाल्या. सर्व यजमान अधिकारी समोर बसलेले असतात. त्यांच्याच कचेरीत बसावयाचे, त्यांच्याच चहाचा पेला हाती धरावयाचा आणि त्यांचाच आकडा खोटा म्हणावयाचा, ह्यास एक प्रकारचे धैर्य लागते. आणि उद्या पुन्हा त्याच कचेरीत यावयाचे असते म्हणून एक प्रकारची मर्यादाही. जो केवळ पाहणीस येऊन जातो त्यास धैर्य सोपे असते. जो नोकरीने बांधलेला असतो त्यास मर्यादा सोपी. मुक्कामी सल्लागारास दोन्ही सांभाळावी लागतात. आम्ही पाहिलेल्यांत कोणी पहिल्यात कमी पडले, कोणी दुसऱ्यात.

धुळ्याहून आग्रा रस्त्याने पन्नास-एक किलोमीटरांवर मालेगाव आहे. तेथे २०१० साली पोलिओचे रुग्ण निघाले. त्या वर्षी सबंध देशात ४२ च रुग्ण होते, म्हणून त्यांचे महत्त्व विशेष. यंत्रमागाच्या वस्त्यांतून डोसाविषयी संशय होता. मुले नपुंसक होतील, ही त्यातली प्रसिद्ध अफवा. येथे जीप व रोकड यांचा उपयोग नव्हता, पोलिसांचा तर नव्हताच. मौलवी, मदरशांचे शिक्षक, मोहल्ल्यातल्या बायका यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. सिंहभूमचा धडा इतका तरी उपयोगी पडला म्हणावयाचा. १३ जानेवारी २०११ रोजी बंगालातील हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त ठरला.

येथवर सल्लागाराची बाजू झाली. आता आमची तक्रार सांगतो. कोणत्या रोगाकरिता सल्लागार धाडावयाचा हे ठरते कोठे? पोलिओ विमानातून प्रवास करतो, देवीही करीत असे. म्हणून त्यांच्यासाठी जिनिव्हास झोप लागत नसे. सातपुड्याच्या कुशीत, पूर्वी धुळ्यात मोडणाऱ्या व १९९८ पासून निराळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेलचा रोग पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. तो आईबापांकडून मुलांस येतो, शेजाऱ्यास लागत नाही, आणि समुद्र ओलांडून कोणास भिववीत नाही. भारतात त्याचा शोध १९५२ सालीच निलगिरीतील आदिवासींत लागला होता. राष्ट्रीय पातळीवरचे मोठे अभियान मात्र २०२३ साली निघाले. सांधे दुखून रात्रभर रडणारे धडगावचे मूल आणि लुळे पडलेले मालेगावचे मूल यांच्या दुःखात तराजूने फरक करता येणार नाही. पण एकाच्या दारी चोवीस तासांत मोटार आली, आणि दुसऱ्याच्या दारी सत्तर वर्षे कोणी आले नाही. ह्याचा दोष त्या सल्लागाराचा नव्हे. तो ज्या कामास पाठविला गेला ते त्याने केले. आमच्या जिल्ह्यांनी स्वतःची यादी स्वतः करून ती पुढे केली नाही, दुसऱ्याने आणलेल्या यादीवर सह्या केल्या, हेही तितकेच खरे.

आणखी एक गोष्ट. पोलिओचा पैसा आटू लागला तसा ह्या टेहळणीचा भार सरकारने वाढत्या प्रमाणात उचलावा असे ठरत गेले. दरम्यान गोवर, घटसर्प, धनुर्वात यांची पाळतही त्याच जाळ्यावर पडली व करोनाच्या काळात तर तीच माणसे हाताशी धरावी लागली. पंचवीस वर्षे एखाद्याने आपल्या वतीने मोजले की आपली मोजण्याची सवय राहते काय, अशी आम्हांस धास्ती वाटते. वर्दी आल्यावर ‘त्या डब्ल्यूएचओच्या डॉक्टरला कळवा’ असे सांगून मोकळे होणारे अधिकारी आम्ही पाहिले आहेत. त्या वाक्यात कृतज्ञता आहे आणि आळसही आहे, आणि त्यांतले कोणते किती हे तो डॉक्टर गेल्यावरच कळेल.

तूर्त व्यवस्था चालू आहे. जळगावकडे किंवा शिरपूरकडे एखादे मूल लुळे पडले की त्याचे नमुने बर्फाच्या पेटीत घालून मुंबईस रवाना होतात. ती पेटी ज्या आवारात जाते ते परळचे हाफकिन संस्थेचे आवार. एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र तेथेच आहे, जे आता राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेची मुंबई शाखा झाले आहे. मुल्कोवालला गेलेली बाटली निघाली ती ह्याच आवारातून. पेटी उघडल्यावर तेथील माणूस आधी हे पाहतो की बर्फ शिल्लक आहे की वितळले, नमुना पुरेसा आहे की नाही आणि सोबतचा कागद नीट भरला आहे काय. वाटेत कोणाच्या हातून काही चुकले असेल तर ते त्या कागदावरच लिहून ठेवितात.